भुलाबाईची खिरापत आणि कणकेचा गोड पाव

शरदाचे दिवस लागले म्हणजे वर्धा जिल्ह्यांतील गांवांतून आणि शहरांच्या गल्ल्यांतून संध्याकाळच्या वेळीं मुलींचे घोळके एका घराहून दुसऱ्या घरीं जातांना दिसूं लागतात. भाद्रपदी पौर्णिमेस भुलोजी आणि भुलाबाई पाटावर विराजमान होतात, आणि कोजागरीच्या चांदण्यांत त्यांचा निरोप घेतला जातो. मधला महिनाभर गाणीं व्हावयाचीं, टिपऱ्या वाजावयाच्या, आणि गाणीं संपलीं कीं खिरापतीचा डबा पुढें यावयाचा. डब्याचें झांकण घट्ट लावलेलें असतें. तो कानाशीं नेऊन हालवावयाचा आणि आंत काय आहे तें ओळखावयाचें. खुळखुळला तर फुटाणे, खडखडला तर शंकरपाळे, धप्प वाजला तर लाडू. मुलींचे कान या कामीं मोठे तिखट असतात. ज्या घरची खिरापत ओळखली जात नाहीं, त्या घरच्या आईची मान त्या रात्रीं थोडी ताठच असते.

खिरापत ओळखतां येऊं नये ही ईर्षा जुनीच आहे. अलीकडे मात्र या ईर्षेनें घरच्या चुलीची वाट सोडून बेकरीची वाट धरली आहे. क्रीम भरलेले पाव, साखरेचा जाड लेप दिलेले गोड रोल, पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आलेले केक, हें सर्व भुलाबाईपुढें येऊं लागलें आहे. त्यांत नवलाई आहे, आणि मुलांना तें आवडतें हेंही खरें. परंतु मैदा, साखर आणि वनस्पति तूप यांचा हा नैवेद्य रोज संध्याकाळीं लहान पोटांत जावयाचा, आणि उरलासुरला घरांतील वडील माणसांच्या वाट्यास यावयाचा. त्या वडील माणसांत एखाद्यास मधुमेह असणें ही आजच्या शहरी कुटुंबांत दुर्मिळ गोष्ट राहिलेली नाहीं. तेव्हां गोड पाव करावयाचाच झाला तर तो घरीं कसा करावा, आणि ‘आरोग्यास बरा’ हें विशेषण त्यास कितपत लावतां येईल, हा या भाषणाचा विषय आहे.

पाव हा मराठी घरांत उशिरा आलेला पाहुणा. शब्द पोर्तुगीज, वाट गोव्याची. एके काळीं पाव-बिस्किटांचा संबंध थेट धर्माशीं लावला जात असे. १८९० मध्यें पुण्यास पंचहौद मिशनांत चहा-बिस्किटें पुढें आलीं, त्यावरून केवढें ग्रामण्य माजलें आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांचीं नांवें त्यांत कशीं गुंतलीं, हें सुशिक्षितांस ठाऊक आहेच. परंतु भट्टींत भाजलेलें गव्हाचें अन्न वऱ्हाड-नागपुराकडील माणसास परकें आहे असें समजणें मात्र चुकीचें होईल. शेतांत, नदीकाठीं, नवसाच्या जेवणांत रोडगे भाजले जातात. कणकेच्या पाऱ्यांना तेलाचें बोट लावून एकीच्या पोटांत दुसरी अशा पाऱ्या घालावयाच्या, वरून गोळा वळावयाचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत तो पुरावयाचा. तासाभरानें राख झटकून फोडला म्हणजे आंत पदर सुटलेले असतात. त्यावर तूप आणि शेजारीं वांग्याची भाजी. चोहोंबाजूंनीं बंद अशा कोरड्या उष्णतेंत पदरापदरानें अन्न शिजवावयाचें, हें पावाच्या भट्टीचेंच तत्त्व आहे. ज्या घरांत रोडगा बिघडत नाहीं, त्या घरांत गोड पाव बिघडण्याचें कारण नाहीं.

आणि कसलें पीठ खावें, कसलें गोड खावें, हा प्रश्न तर वर्ध्यानें फार पूर्वीं, आणि मोठ्या चिकाटीनें, विचारलेला आहे. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू त्याचे अध्यक्ष आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री होते. जमनालाल बजाज यांनीं वर्ध्यांतील आपली जागा त्या कामास दिली, आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तीस मगनवाडी हें नांव पडलें. १९३६ मध्यें शेगांवास, म्हणजे पुढें ज्यास सेवाग्राम म्हणूं लागले तेथें, राहावयास जाण्यापूर्वीं गांधीजींचा मुक्काम या मगनवाडींत होता, आणि तेथील स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच होऊन बसली होती. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचें पीठ, घाणीचें तेल, साखरेऐवजीं गूळ, कच्चा पाला. इतकेंच नव्हे, तर १९३५ मध्यें तेथें सोयाबीनही शिजवून पाहण्यांत आलें. आज दसऱ्याच्या सुमारास वर्धा जिल्ह्यांतील शिवारांतून सोयाबीनच्या गंजी लागलेल्या दिसतात, आणि तें बहुतेक सारें तेलाच्या गिरण्यांकडे जातें. ताटांत मात्र अजून फारसें आलेलें नाहीं. प्रयोग करणाऱ्यांचें नशीब कधीं कधीं असें वेगळ्याच दिशेनें फळतें.

पिठाविषयींचा हा आग्रह गांधीजींच्या मनांत मगनवाडीच्याही तीस वर्षें पूर्वींचा होता. जोहान्सबर्ग येथील त्यांच्या घरीं बाजारच्या पावास फांटा मिळाला आणि लुई कुने या जर्मन निसर्गोपचारकाच्या पद्धतीनें, यीस्ट न घालतां, कोंड्यासकट पिठाचा पाव भाजला जाऊं लागला. त्यासाठीं सात पौंड देऊन एक हातगिरणी विकत घेतली होती. तिचें लोखंडी चाक एकट्यास जड जात असे, दोघांस सोपें. गांधीजी, पोलक आणि मुलें मिळून तें फिरवीत, आणि कस्तुरबाही अधूनमधून हात लावीत. आत्मकथेंतील हा तपशील वाचला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. त्या घरांत पावाच्या गोडीचा विचार मागाहून झाला, पिठाचा विचार आधीं झाला. आजच्या गृहिणीनेंही क्रम हाच ठेवावा.

कारण मगनवाडीनें सांगितलेल्या दोन गोष्टींचा, पिठाचा आणि गुळाचा, न्याय पुढील काळांतील शास्त्रानें सारखा केलेला नाहीं. पिठाची बाजू दिवसेंदिवस बळावत गेली. गुळाची बाजू, निदान आरोग्याच्या न्यायासनापुढें, बरीच लंगडी पडली. आणि गंमत अशी कीं बाजार आज नेमकें उलट करतो. पीठ मैद्याचेंच ठेवावयाचें, साखरेच्या जागीं गूळ घालावयाचा, आणि वेष्टनावर ‘गुळाचा, आरोग्यदायी’ असें छापावयाचें! मगनवाडीच्या शिकवणीपैकीं जें कमी महत्त्वाचें होतें तें उचललें, आणि मुख्य तें वगळलें.

गव्हाच्या दाण्यांत शेंकडा सुमारें त्र्यायशीं भाग पिठूळ गर असतो, चौदा-पंधरा भाग कोंडा, आणि दोन-तीन भाग अंकुर. मैदा म्हणजे केवळ तो गर. कोंड्याबरोबर तंतुमय भाग जातो, अंकुराबरोबर स्निग्धांश आणि जीवनसत्त्वें जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांत शंभर ग्रॅम कणकेंत सुमारें ११ ग्रॅम तंतू दिलेले आहेत, तेवढ्याच मैद्यांत ३ ग्रॅमही नाहींत. पोट साफ राहणें हा त्या तंतूंचा सर्वांत प्रसिद्ध गुण असला तरी तोच एक नव्हे. त्यांच्यामुळें पोट लवकर भरल्यासारखें वाटतें, आणि म्हणून दुसरा पाव उचलण्यास हात जरा कचरतो. ज्या घरांत मुलें आहेत त्या घरांत या कचरण्याचें मोल मोठें आहे.

आतां गूळ. गुळांत थोडें लोह आहे, कांहीं क्षार आहेत, आणि त्याचा स्वाद साखरेस कधींही साधणार नाहीं असा भरदार आहे. परंतु गुळाचा फार मोठा भाग साखरच आहे, आणि शरीर ती साखर म्हणूनच ओळखतें. एका पावांत जेमतेम साडेसात ग्रॅम गूळ पडतो. त्यांतून मिळणारें लोह मिलिग्रॅमच्या अंशांतच मोजावें लागतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्यें घालून दिलेल्या मर्यादेंत वरून घातलेली साखर, गूळ आणि मध यांच्यांत कांहीं भेद केलेला नाहीं. दिवसभराच्या उष्मांकांपैकीं शेंकडा दहापेक्षां कमी, आणि शक्य तर पांचपेक्षां कमी भाग अशा गोडांतून यावा, असें ती सांगते. मोठ्या माणसास पांच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, अर्थात् सहा चहाचे चमचे. चहा घेणाऱ्या घरांत त्यांतले तीन-चार चमचे चहांतच खर्च झालेले असतात. म्हणून ‘गुळाचें आहे, आजींना चालेल’ हें जें वाक्य घरोघर मोठ्या प्रेमानें उच्चारलें जातें, तें प्रेमाचें असलें तरी खरें नव्हे. मधुमेही माणसास हा पाव द्यावयाचा तर अर्धा द्यावा, जेवणांतील एखादी पोळी वजा करून द्यावा, आणि डॉक्टरांनीं जें सांगितलें असेल तेंच शेवटचें मानावें.

मग मगनवाडीनें गुळाचा धरलेला हट्ट व्यर्थ गेला काय? तसें नव्हे. त्या हट्टाचें अर्धें कारण आरोग्य हें होतें. उरलेलें अर्धें कारण खेड्यांतील माणसाच्या हातास काम मिळावें हें होतें. वर्ध्याच्या परिसरांत शिंदीचीं झाडें आपोआप वाढतात. त्यांच्या रसाची ताडी होई, आणि ताडीनें घरें बुडत. तोच रस न आंबवतां नीरा म्हणून काढून आटवला तर त्याचा गूळ होतो, आणि त्यासाठीं उसासारखी शेतजमीन अडवावी लागत नाहीं. या ताडगुळाच्या कामास गजानन नाईक यांनीं वाहून घेतलें होतें. गूळ घेतांना हें अर्धें कारण मनांत ठेवून तो घ्यावा. औषध म्हणून घेऊं नये.

याच गांवीं एक विसंगतीही नांदते, आणि ती मोठी लोभस आहे. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद हें एक व्रत आहे. जिभेचे चोचले पुरवावयाचे नाहींत. आणि वर्ध्याचा जो खाद्यपदार्थ पाहुणे आवर्जून बांधून नेतात तो म्हणजे गाईच्या तुपांतला, तोंडांत टाकतांच विरघळणारा, भट्टींत भाजलेला गोरसपाक! जमनालालजींनीं १९४१ मध्यें गोसेवा संघ स्थापून आयुष्याचे अखेरचे महिने गोपुरीच्या झोंपडींत त्या कामांत घालवले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं ते गेले. गाईचें दूध-तूप खपलें पाहिजे, तरच गाय टिकेल, हा त्या कामांतील व्यवहार होता. गोरस भांडाराच्या गोरसपाकानें तो व्यवहार वर्ध्याच्या जिभेवर आणून ठेवला आहे. व्रतस्थांनीं याचा न्याय काय केला असता कोण जाणे. वर्धेकरांनीं तो केव्हांच करून टाकला आहे.

गोड पावाच्या घटकांत कणीक आणि गूळ झाल्यावर तिसरें आणि शरदाचें खास असें येतें तें कोहळें. येथें पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांचा घोंटाळा व्हावयाचा संभव आहे. त्यांच्याकडे कोहळा म्हणजे पेठ्याचा पांढरा कोहळा. विदर्भांत कोहळें म्हणजे लाल भोपळा. पावसाळ्यांत कुंपणावर, गोठ्याच्या छपरावर त्याचे वेल चढतात आणि शरदांत फळें उतरवून ठेवतात. कोहळ्याचे बोंडें आणि घाऱ्या ही या दिवसांची घरोघरची चैन. आणि खरें पाहिलें तर कोहळें, गूळ व कणीक ही घाऱ्यांचीच त्रयी या पावांत आहे. फरक इतकाच कीं घारी तेलांत तळली जाते आणि पाव भट्टींत भाजला जातो. हा फरक लहान नव्हे. घाऱ्यांच्या एका घाण्यास जेवढें तेल मुरतें, तेवढ्या तुपांत हे दहा पाव सहज निभावतात.

कोहळ्याची स्वतःची गोडी असल्यामुळें गुळाचें प्रमाण कमी करतां येतें. त्यांतील पाण्यामुळें कणकेचा पाव कोरडा पडत नाहीं. आणि ज्या द्रव्यानें कोहळें केशरी दिसतें, त्याचें शरीरांत ‘अ’ जीवनसत्त्व होतें. मात्र तें द्रव्य अंगीं लागण्यास थोडा स्निग्धांश बरोबर असावा लागतो. तेव्हां पावांतील दोन चमचे तूप वगळण्याची अतिउत्साही काटकसर कोणी करूं नये.

सुवासासाठीं परदेशांत या ऋतूंत दालचिनी वापरतात. तीस कोणाची ना नाहीं. परंतु वर्धा जिल्ह्यांत कारंजा, आर्वी आणि आष्टी या बाजूस संत्र्याच्या बागा आहेत, आणि आंबिया बहाराचीं संत्रीं याच सुमारास बाजारांत येऊं लागतात. संत्र्याची साल फेकून देणाऱ्यानें संत्र्यांतील अर्धा सुवास फेकून दिला असें समजावें. फळ कोमट पाण्यानें चांगलें घांसून धुवावें आणि सालीचा वरचा नारिंगी भाग तेवढा बारीक किसणीवर किसून घ्यावा. आंतील पांढरा भाग किसला गेला कीं कडवटपणा येतो. जोडीस सुंठ, वेलदोडा आणि भाजून कुटलेला जवस. जवस हा विदर्भाच्या चटणीचा राजा. त्याला गोडांत बसवल्याबद्दल कोणी नाक मुरडूं नये, गुळाशीं त्याचें छान जमतें.

आतां प्रत्यक्ष कृति. दहा पावांसाठीं ३०० ग्रॅम ताजी कणीक घ्यावी. ताजी हा शब्द महत्त्वाचा. कोंडा-अंकुरासहित दळलेल्या पिठांतील स्निग्धांश कालांतरानें खवट होतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांपूर्वींचें पीठ या कामास घेऊं नये. सालें काढलेलें कोहळें पाणी न घालतां वाफवून, थंड करून, गुठळ्या न राहतील असें कुस्करावें. तें १८० ग्रॅम भरावें. ४५ ग्रॅम गूळ पाव वाटी कोमट पाण्यांत विरघळवून गाळून घ्यावा, कारण गुळांत कचकच असतेच. गरम दुधांत गूळ घालण्याचा मोह टाळावा. दूध फाटण्याचा संभव फार. कणीक, कोहळें आणि गुळाचें पाणी एकत्र कालवून झांकून अर्धा तास नुसतें ठेवून द्यावें.

हा अर्धा तास पुष्कळांना व्यर्थ वाटतो आणि पुष्कळांचा पाव याच ठिकाणीं बिघडतो. गव्हांतील चिकट पदार्थाचें जाळें तयार होतें आणि त्यांत वायूचे बुडबुडे अडकतात, म्हणून पाव फुगतो. कणकेंतील कोंड्याचे कण कोरडे असले तर ते या जाळ्यास धारदार काचांसारखे कापतात. भिजून मऊ झाले म्हणजे कापीत नाहींत. मैद्याच्या मापानें पाणी घालून, मैद्याच्या घाईनें मळून कणकेचा पाव दगडासारखा झाला कीं दोष कणकेस दिला जातो. दोष घाईचा असतो. कणकेस पाणीही अधिक लागतें; पीठ पोळीच्या कणकेपेक्षां सैल, हातास किंचित चिकटणारें असावें. बन्सीसारख्या कठीण जातीच्या गव्हाचें पीठ असेल तर पाव थोडा बसका होईल, हें आधींच समजून असावें. चवीस तो उणा नसतो.

अर्ध्या तासानंतर एक सपाट चहाचा चमचा कोरडें यीस्ट दोन चमचे कोमट पाण्यांत कालवून, अर्धा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा तूप यांसह पिठांत मिसळावें, आणि ओल्या हातांनीं आठ-दहा मिनिटें मळावें. रंगासाठीं चिमूटभर हळद घालण्यास हरकत नाहीं. समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवची हळद, जिला २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, घरांत असेल तर चिमटीपेक्षांही कमी पुरे. पीठ झांकून ठेवावें. आश्विनांतील वर्ध्याची दुपार अजून तापलेलीच असते. तासा-सव्वातासांत तें दुपटीच्या आसपास येतें. मार्गशीर्षांत त्यालाच दोन तास लागतील. घड्याळापेक्षां पिठाकडे पाहावें.

ज्यांस सवड आहे त्यांनीं पीठ रात्रभर शीतकपाटांत फुगत ठेवावें. त्यानें स्वाद तर वाढतोच, पण आणखी एक लाभ आहे. कोंड्यांत फायटिक आम्ल नांवाचें द्रव्य असतें. तें लोह आणि जस्त यांना धरून ठेवतें आणि अंगीं लागूं देत नाहीं. पीठ दीर्घ काळ आंबलें म्हणजे गव्हांतीलच एक पाचक द्रव्य त्या आम्लाचा बराच भाग मोडून टाकतें. या एका बाबतींत जोहान्सबर्गच्या बिनयीस्टच्या पावापेक्षां आंबवलेला पाव सरस ठरतो, असें म्हणणें भाग आहे. जात्यानें जें राखलें, तें आंबवण्यानें पदरांत पडतें.

फुगलेलें पीठ ओट्यावर हातानेंच दाबून अर्ध्या बोटाच्या जाडीचें लांबट चौकोनी करावें. त्यावर एक चमचा पातळ तूप फिरवून ३० ग्रॅम किसलेला गूळ, दोन चमचे जवसाची पूड, एका संत्र्याच्या सालीचा कीस, अर्धा चमचा सुंठ आणि चार-पांच वेलदोड्यांची पूड पसरावी. लांब बाजूनें चटईसारखी सैलसर गुंडाळी करावी. घट्ट वळली तर मधला भाग वर उसळून येतो. सुरीनें कापल्यास पदर चेंगरतात. त्याऐवजीं स्वच्छ जाड दोरा गुंडाळीखालून नेऊन वर त्याचीं टोंकें एकमेकांवरून ओढावींत. सुबक चकती सुटते. अशा दहा चकत्या तूप लावलेल्या थाळींत, फुगण्यास बोटभर जागा ठेवून मांडाव्या आणि पाऊण तास झांकून ठेवाव्या.

विजेची भट्टी असल्यास ती १८० अंशांवर आधीं तापवून पाव बावीस ते पंचवीस मिनिटें भाजावे. ती नसल्यास अडून बसण्याचें कारण नाहीं. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यांत दोन बोटें जाड मीठ पसरावें, त्यावर तिवई ठेवून, झांकण लावून मध्यम आंचेवर दहा मिनिटें तापवावें, मग थाळी आंत ठेवून मंद आंचेवर तीस-पस्तीस मिनिटें भाजावें. याला वरून रंग कमी येतो, इतकेंच. तें मीठ स्वयंपाकास उपयोगी पडत नाहीं, पण याच कामास पुनः पुनः चालतें. शिटी व रबर काढून, पाणी न घालतां कुकर वापरणारेही आहेत. मात्र कोरड्या आंचेनें भांडें खराब होण्याचा धोका असतो, तेव्हां नव्या कुकरावर हा प्रयोग करूं नये. पाव झाला कीं नाहीं हें ओळखण्याची खूण एकच: मधल्या पावांत बारीक सळई घालून पाहावी, ती कोरडी निघावी.

वरून दुधाचा हात तेवढा फिरवावा. बेकरीच्या रोलावर जो पिठीसाखरेचा पांढरा लेप असतो, तो येथें घालूं नये. सबंध पावांत राखलेला संयम त्या एका लेपानें धुऊन जातो. पिठांतला ४५ आणि सारणांतला ३० मिळून ७५ ग्रॅम गूळ दहा पावांत वांटला गेला, म्हणजे पावागणिक साडेसात ग्रॅम. मोठ्या माणसाच्या २५ ग्रॅमांपैकीं तिसऱ्या हिश्श्याहून हें थोडें कमीच. मुलांची मर्यादा त्याहून लहान असते, आणि कोजागरीच्या आटीव दुधांतली साखरही याच खात्यावर पडते. त्या रात्रीं पाव असेल तर दूध बिनसाखरेचें करून पाहावें. पाव चावून वर तें दूध घेतलें म्हणजे साखरेची आठवण फारशी येत नाहीं.

पहिल्या खेपेस मुलें कदाचित् कुरकुर करतील. मैद्याच्या कापसासारख्या मऊपणास सरावलेल्या जिभेस कणकेचा पाव चावावा लागतो, याचेंच प्रथम नवल वाटतें. अशा वेळीं कणकेचे दोन भाग आणि मैद्याचा एक भाग अशी तडजोड करण्यांत कमीपणा नाहीं. पुढच्या खेपेस मैदा अर्ध्यावर आणावा, त्याच्या पुढच्या खेपेस वगळावा. सांगून-सवरून खाऊं घातलेलें आरोग्य मुलांना आवडत नाहीं. बाजारचा तांबूस पाव दाखवून ‘हाही कणकेचाच’ असें मात्र सांगूं नये. पुष्कळदां तो जळक्या साखरेच्या रंगानें तांबूस झालेला मैदाच असतो, आणि वेष्टनावरील बारीक अक्षरांत तसें लिहिलेलेंही असतें.

खिरापतीच्या डब्यांत पाव भरतांना तो पुरता निवलेला असावा. कोंबट असतांना झांकण लावलें तर वाफ धरते आणि पावाची खालची बाजू ओली होते. एकास एक लागून नीट बसवले म्हणजे डबा कितीही हालवला तरी आवाज होत नाहीं. मुली प्रथम शिरा म्हणतील, मग पेढे म्हणतील, मग बर्फी. डबा मात्र घट्ट झांकणाचा, शक्यतों पितळी, घ्यावा. संत्र्याच्या सालीचा वास फटींतून बाहेर येतो, आणि कानांना जें कळलें नाहीं तें नाकाला कळून जातें.